वाटीतलं पांढरं पाणी

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, आणि मी रागावलेली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा मऊ आवाजात सांगतात. झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणून डोळे पुसतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी लोखंडाची. तापायला मला वेळ लागतो आणि निवायला त्याहून जास्त. मात्र देवाला स्मरून एक कबूल करते. जे घडलं तेवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही.

माझा जन्म कॉटन ग्रीनला झाला, गोदामांच्या मागे एका लोहाराच्या शेडमध्ये. मोडीत निघालेल्या कुठल्याशा बोटीचा पत्रा त्याच्याकडे पडून होता. तो ठोकून ठोकून त्याने मला खोलगट केलं, दोन कान जोडले आणि भिंतीला टेकवून ठेवलं. तिथून मला अण्णांच्या आई घेऊन आल्या. अण्णांचं उपाहारगृह गिरगावात, खोताच्या वाडीपासून चार पावलांवर. पाटीवर त्याचं भलं मोठं नाव रंगवलेलं होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळे आपले "अण्णांकडे जाऊ" म्हणत.

नव्या लोखंडी कढईला आधी तेल पाजावं लागतं. तिच्यात कांद्याच्या साली परततात, म्हणजे लोखंडाचा वास जातो. माझ्या शेजारच्या दोघी-तिघींचं तसंच झालं होतं. आजींनी मात्र माझ्यात बटाट्याच्या साली परतल्या. "हिच्यात कांदा पडायचा नाही. ही उपासाची," असं म्हणून त्यांनी माझ्या उजव्या कानाला तांब्याची तार गुंडाळली, म्हणजे घाईगर्दीत कुणाचा हात चुकू नये. माझी शेगडी वेगळी, माझा झारा वेगळा, माझं शेंगदाण्याचं तेल वेगळं. बटाटेवड्यांची मोठी कढई मला "सोवळी" म्हणून चिडवायची. चिडवू दे. सोमवारी, चतुर्थीला, एकादशीला दारापर्यंत रांग लागायची ती माझ्यासाठी, तिच्यासाठी नव्हे.

रांग असायची साबुदाणा वड्यासाठी. बाहेरून पापड मोडावा तसा मोडणारा, आतून लोण्यासारखा. तसा वडा घरी कुणालाच जमत नसे. बायका यायच्या, खायच्या, शेंगदाण्याचं कूट किती, बटाटा किती, असं बोटांवर मोजत घरी जायच्या, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा रांगेत उभ्या.

तो वडा करायची मालन. परळच्या चाळीतली, मूळची कोकणातली. हात धुऊन, पाय धुऊन, मगच माझ्याजवळ यायची. सोमवारी तिचाही उपास असे. दिवसभर चहावर राहून ती दुसऱ्यांच्या उपासाचे वडे तळायची. आजी थकल्या तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि वड्याची खरी खूण सांगितली. ती खूण एका वाटीत होती. वडा थापण्याआधी त्या वाटीतल्या पाण्यात तळवा बुडवायचा, बस. आजींनी तिचा हात धरून माझ्या कोमट कानावर ठेवला आणि म्हणाल्या, "वाटीत काय ते तू, मी आणि अण्णा. चौथ्या कानी जायचं नाही. शपथ आहे."

"नाय जाणार, आजी," मालन म्हणाली.

चौथी मी होते, पण कढईला कोण मोजतं? वाटीत काय होतं ते मीही लगेच सांगणार नाही. मालन बोलली नाही, तर मी आधी कशी बोलू? मात्र उपासाला न चालणारं त्यात काही नव्हतं, हे आत्ताच ऐकून ठेवा.

आता सुनंदाकाकूंविषयी सांगते. समोरच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्या राहायच्या. पहाटे उठून बेलाची एकशे आठ पानं मोजून वाहायच्या, अनवाणी देवळात जायच्या, सोमवार कधी चुकवला नाही. त्यांच्या भक्तीला मी नावं ठेवणार नाही, ती खरीच होती. दर सोमवारी दुपारी त्या स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलाशी बसत आणि दोन वडे खात. एवढाच त्यांचा दिवसाचा आहार. जाताना पडद्याआडून म्हणत, "अगं मालन, तुझ्या हाताला देवाने काहीतरी दिलंय गं." एकोणीस वर्षं म्हणत होत्या.

आणि मग ती महाशिवरात्र आली. दोन वर्षांपूर्वीची. पडदा धुवायला काढला होता. दुकान खच्चून भरलेलं. काकूंच्या पानातला पहिला वडा अर्धा खाऊन झाला होता, तेव्हा त्यांची नजर आत गेली. मालनने वाटीत हात बुडवला, वडा थापला, माझ्यात सोडला. वाटीतलं पाणी पांढरं होतं. दाट, दुधासारखं.

काकू उठल्या. आवाज नेहमीचाच, मऊ, पण सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असा.

"अण्णा, उपासाच्या वड्याला तांदळाचं धुवण लावता का हो तुम्ही?"

सगळे चमचे थांबले.

"काय बोलताय काकू!" अण्णा गल्ल्यावरून अर्धे उठले.

"मी कशाला बोलू? तिच्या हाताखालची वाटी बोलते आहे. तांदूळ धुतल्याशिवाय असं पाणी होतं का? शिवरात्रीला तांदूळ खायला घातलात मला!"

मालनचा हात वाटीतच राहिला. ती म्हणाली, "काकू, चालत नाय असं काय नाय त्याच्यात. देवाशप्पथ."

"देवाला मध्ये आणू नकोस. उपास मोडलास माझा, आणि वर त्याचंच नाव घेतेस?"

"एकोणीस वर्षं खाताय," मालन म्हणाली, आणि आता तिचाही आवाज चढला. "एकोणीस वर्षांत तुमच्या महादेवाने एकदा तरी तक्रार केली?"

मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याने सगळं बिघडलं. काकूंचा चेहरा लाल झाला. "मग सांग ना काय आहे वाटीत! सांग सगळ्यांना!"

मालनने अण्णांकडे बघितलं. अण्णांना ठाऊक होतं. त्यांच्या आईचीच पद्धत होती ती. दोन शब्द बोलले असते तरी पुरे होतं. मित्रांनो, अण्णांनी गल्ल्यावरच्या गणपतीच्या तसबिरीकडे बघितलं आणि म्हणाले, "मालन, एप्रन काढ. घरी जा."

ती गेली. जाताना तिने माझ्याखालचा गॅस बंद करायला हात पुढे केला, तर कुणीतरी ओरडलं, "हात लावू नको त्याला!" माझ्यात सहा वडे होते. ते कुणी उलटलेच नाहीत. माझ्यातच जळून काळे झाले.

दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला: उपवासाचे पदार्थ नवीन आचाऱ्याकडून, संपूर्ण शुद्ध. त्या नव्या आचाऱ्याचे वडे माझ्यात फटाक्यासारखे फुटायचे. रांग आटली. वर्षभरात इमारत पुनर्विकासाला गेली, अण्णांनी शटर ओढलं, आणि जुन्या गिऱ्हाइकांना आठवण म्हणून एकेक भांडं दिलं. मला त्यांनी कुणाला द्यावं? सुनंदाकाकूंना! म्हणाले, "उपासाची कढई आहे, तुमच्यासारख्या व्रतस्थ बाईच्या घरी शोभेल." एकोणीस वर्षं जिने मला जपलं, तिला विचारलंसुद्धा नाही.

काकूंनी घरी नेल्या नेल्या मला शुद्ध करायला घेतलं. गोमूत्र शिंपडलं. चिंच लावली, राख लावली, तारेच्या घासणीने खसाखसा घासलं. तेल पिऊन पिऊन जो काळा, गुळगुळीत थर माझ्यावर चढला होता, तो त्यांनी दोन दुपारींत खरवडून काढला. आजींची तारही उचकटली. "कुणी बांधली कोण जाणे," म्हणाल्या, आणि खिडकीतून फेकून दिली. आठवड्याभरात मला तांबेरा चढला. त्या मला गंजकी म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी मनातल्या मनात वैर धरलं.

त्यांचे यजमान अच्युतराव, निवृत्त माणूस, दिवसभर शब्दकोडी सोडवायचे. पहिल्या सोमवारी काकूंनी साबुदाणा, बटाटे, कूट मांडलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"आवडता पदार्थ विकत मिळेना म्हणून लोक घरी करून बघतात. तुझं तसं दिसत नाही. तू पुरावा तळते आहेस."

"तळतेच आहे. सगळं नियमातलं घालून अण्णांकडच्यासारखा वडा होत नाही, म्हणजे तिने नियमाबाहेरचं घातलं होतं. सरळ आहे."

"आणि झाला तर?"

"होणार नाही."

हे नीट लक्षात ठेवा. काकूंना तो वडा जमायला नको होता. तरी दर सोमवारी त्या तो जिवापाड मन लावून करत. एकोणीस वर्षांचे सोमवार मोडले की काय, या भीतीने त्यांना घेरलं होतं. वडा जमला नाही की दोष मालनचा. जमला तर सोमवार शाबूत, पण आळ खोटा.

तो जमायचाही नाही. मी कशाला मदत करू? साबुदाणा त्या तीन-तीन पाण्यांतून काढत, अगदी स्वच्छ, मोत्यासारखा. वडे कधी तेलकट, कधी दगड. एकदा एक वडा फुटून तेलाचा शिंतोडा त्यांच्या मनगटावर उडाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या "शिव शिव" म्हणाल्या आणि भाजलेल्या हाताने उरलेले वडे उलटत राहिल्या. तेव्हा मात्र मला जरा कसंसंच झालं. एका मंगळवारी, उपास नसताना, त्यांनी मुद्दाम तांदळाच्या धुवणात हात बुडवून वडे करून बघितले. ते चिवट झाले.

"म्हणजे तांदळाचं धुवण नव्हतं तर," अच्युतराव म्हणाले.

"मग मैदा असेल."

"हां. नाहीतर सिमेंट."

"तुम्ही कोडं सोडवा तुमचं."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसले असते. पण मालनने परळला उपासाच्या पदार्थांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, हे काकूंच्या कानावर आलं. सोमवारी देवळात त्यांचं पोथीचं मंडळ भरे. त्या मंडळाचा मोबाइलवर ग्रुप होता. काकूंनी त्यावर लिहिलं आणि अच्युतरावांना वाचून दाखवलं, म्हणून मला कळलं: "भगिनींनो, परळच्या मालन यांच्याकडून उपासाचे पदार्थ घेताना विचार करावा. आम्हाला एकोणीस वर्षे फसवले गेले." खाली भराभर हात जोडलेली चित्रं आली. अच्युतरावांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

महिन्याभराने मंडळातली मधुरा घरी आली होती. ओट्याशी उभी राहून मोठ्या उत्साहाने सांगत होती, "काकू, तुमच्या मेसेजने बरोबर काम झालं हं. आमच्या सोसायटीची शिवरात्रीची ऑर्डर तिच्याकडे होती, ती काढून घेतली. तिची मुलगी आली होती विचारायला, आमचं काय चुकलं म्हणून. मी दारातूनच वाटेला लावली."

काकू बटाटा सोलत होत्या. सोलत राहिल्या. तिला टोकलं नाही. पण "बरं केलंस"सुद्धा म्हणाल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

आणि मग वैशाखातला तो सोमवार. पाइपलाइनचं काम निघालं होतं. रविवारी दुपारपासून नळाला पाणी नाही. घरात एक कळशी आणि एक तांब्या. पण नेम तो नेम. संध्याकाळी काकूंनी साबुदाणा धुवायला घेतला. पहिलं पाणी तुळशीला घातलं. दुसरं मोरीत ओतणार, तोच अच्युतराव म्हणाले, "अगं, ओततेस काय? राहू दे. भांडी तरी खळबळता येतील." तिसऱ्यांदा धुवायला पाणीच नव्हतं. दुसरं पाणी पातेलीत झाकून राहिलं.

सोमवारी दुपारी काकू वडे थापायला बसल्या. सारण हाताला चिकटायला लागलं. सवयीने नळ सोडला, तर तो नुसता फुसफुसला. त्यांनी पातेलीतलं ते पाणी वाटीत ओतलं, तळवा बुडवला, वडा थापला आणि माझ्यात सोडला.

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज! दोन वर्षांत मी तो ऐकला नव्हता. चर्र नाही, फट नाही. सुकी पानं कुणी मुठीत हळूच चुरडावीत तसा. वड्याभोवती पातळ पापुद्रा धरला. दुसरा सोडला, तिसरा सोडला. एकही फुटला नाही. मला ओरडावंसं वाटलं, अहो, हीच ती वाटी! धुतलेल्या साबुदाण्याचं दुसरं पाणी! आजी तेच वापरायच्या, मालन तेच वापरायची!

काकूंनी देवाला नैवेद्य दाखवला आणि अच्युतरावांना वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि खाली ठेवला.

"सुनंदा."

"काय? मीठ कमी आहे?"

"हा अण्णांकडचा आहे."

"चेष्टा नको."

"चेष्टा करत नाही. खाऊन बघ तू."

काकूंनी तुकडा मोडला. तो मोडल्याचा आवाज मला ओट्यावर ऐकू आला. तोंडात घातला. मग त्या उठून ओट्याशी आल्या आणि वाटीकडे बघत उभ्या राहिल्या. पांढरं, दाट, दुधासारखं पाणी. तांदूळ धुतल्यासारखं.

"पुरावा मिळाला म्हणायचा," अच्युतराव हळूच म्हणाले. काकूंनी उरलेला वडा खाल्ला नाही. त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी अण्णांना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"अण्णा, खरं सांगा. त्या वाटीत साबुदाण्याचं पाणी असायचं का?"

पलीकडे अण्णा खाकरले. मग, "आईची पद्धत होती ती."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"भरल्या दुकानात काय सांगू काकू? धुतलेलं पाणी वड्याला लावतो म्हणून? लोक थुंकले असते. धंदा होता माझा. आणि ओरडलात तुम्ही, मी नाही."

"ओरडले मी. पण मला ठाऊक नव्हतं, अण्णा. तुम्हाला ठाऊक होतं."

फोन पलीकडून बंद झाला. माझा अण्णांवरचा राग निवलेला नाही, तो याच्यामुळे.

बुधवारी काकूंनी मला कापडी पिशवीत घातलं आणि टॅक्सीने परळला गेल्या. चाळीचा दुसरा मजला. दार मालनच्या मुलीने, अपेक्षाने उघडलं. तिने काकूंना ओळखलं. दारातून न हटताच तिने आत आवाज दिला, "आई, गिरगावच्या त्या आल्यात."

मालन मोरीपाशी कोलंबी सोलत बसली होती. तिने वर बघितलं, पण उठली नाही. काकूंनी पिशवीतून मला बाहेर काढलं. तेव्हा मात्र ती उठली. काय केलं असेल तिने? आधी साबण घेतला. कोपरापर्यंत हात धुतले, वास घेऊन बघितला, पुन्हा धुतले. मगच मला हातात घेतलं. ही उपासाची कढई होती ना! तिच्या वैरिणीच्या हातून आलेली, तरी उपासाची. काकू ते धुणं बघत होत्या. त्यांची मान खाली गेली.

मालनने माझा उजवा कान चाचपला. "माझी तार कोणी काढली?"

"मी काढली, मालनबाई."

"बाई कधीपासून झाले मी? 'अगं मालन' होते ना?"

"माझं चुकलं. वाटीत काय होतं ते मला कळलं. माझ्याच हातून तसाच वडा झाला."

"हे कोणाला सांगताय? इकडे मी नि माझी पोरगी. मी खरी ता आमका ठाऊकच होता."

"तुम्ही त्या दिवशी सांगायचं होतं..."

"शपथ होती! म्हातारीला दिलेली. नेम काय तुम्हीच पाळता?"

काकूंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. म्हणाल्या, "मी काय करू ते सांगा."

"भरल्या दुकानात बोललात. भरल्या माणसांत परत घ्या. मोबाइलवर नाय. तोंडाने, उभ्या राहून. त्या दिवशी उभ्या होतात ना?"

"अण्णांचं दुकान तर राहिलं नाही."

"माणसं राहिलीत. तुमचं ते पोथीचं मंडळ, सोमवारी भरतं ना? तिकडे. मी येते. कढई घेऊन येते, वाटी घेऊन येते. गुपित आता तुमच्याच हातून फुटलंय, माझी शपथ नाय मोडत."

"आई, कशाला त्यांच्यात जातेस? जाऊ दे ना," अपेक्षा म्हणाली.

"जाऊ दे, जाऊ दे म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. आता नाय जाऊ देत."

चहा नाही, पाणी नाही. दारात काकू थांबल्या. "मला माफ कराल का?"

"माफी देवाकडे मागा. त्याला वेळ असतो," मालन म्हणाली आणि पुन्हा कोलंबीकडे वळली. देवाविषयी असं बोलणं मला पटलं नाही, पण तिच्या तोंडून ते मी ऐकून घेतलं. मी आता तिच्या घरी होते.

सोमवारी देवळाच्या मंडपात पस्तीस-चाळीस बायका जमल्या होत्या. मालनने कोपऱ्यात शेगडी मांडली, मला चढवलं, शेजारी पांढऱ्या पाण्याची वाटी ठेवली. पोथी संपली आणि काकू उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून घेतलेला.

"दोन वर्षांपूर्वी महाशिवरात्रीला मी मालनबाईंवर आळ घेतला. मग ग्रुपवर लिहिलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. ते खोटं होतं. त्यांनी काही वावगं घातलं नव्हतं, कधीच नव्हतं."

"काकू, असू द्या हो, गैरसमज झाला असेल तुमचा," मधुरा घाईघाईने म्हणाली.

"गैरसमज नाही, मधुरा. ठाऊक नसताना ठाऊक असल्यासारखं बोलले. त्याला खोटं म्हणतात. आणि तू यांच्या मुलीला दारातून वाटेला लावलंस, तेही माझ्याच शब्दावर. ते पापही माझ्याच नावावर आहे."

मालनने वाटी उचलली आणि रांगेने प्रत्येक बाईपुढे धरली. "साबुदाण्याचं पाणी. बघून घ्या. बघून घ्या." मग वडे तळले. बहुतेकींनी खाल्ले. दोघींनी नाकं मुरडली. "शी बाई, धुतलेलं पाणी!" असं एक जण म्हणाली. मालन तिला म्हणाली, "तुम्ही अण्णांच्या कोण? त्यांनाही हीच लाज वाटायची." त्यावर मंडपात पहिल्यांदा कुणी हसलं असेल, तर त्या सुनंदाकाकू. पण हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

आता मी परळला असते. चाळीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या ओट्यावर मालनचा उपासाच्या पदार्थांचा धंदा चालतो. माझ्या कानाला नवी तार आहे. तिने मला पुन्हा बटाट्याच्या साली परतून तेल पाजलं. काळा थर हळूहळू धरतो आहे. डाव्या अंगाला मात्र जिथे काकूंची घासणी जोरात फिरली होती, तिथे अजून पांढुरका चट्टा आहे. तिथे वडा चिकटतो.

दर सोमवारी सुनंदाकाकू गिरगावहून बस पकडून येतात आणि रांगेत उभ्या राहतात. मालन त्यांच्याशी बोलत नाही. त्यांचा नंबर आला की आधी वाटी उचलून त्यांच्या नाकासमोर धरते आणि म्हणते, "बघून घ्या."

"बघितलं," काकू म्हणतात. मगच वडा मिळतो. बाकी कुणाला वाटी दाखवली जात नाही. पहिल्या सोमवारी मला याची फार मजा वाटली. दहाव्या सोमवारी तितकीशी वाटेना. काकूंनी कधी कुरकुर केली नाही. बेलाच्या पानांसारखाच त्यांनी तोही नेम धरला आहे.

परवाच्या सोमवारी मालनचा हात वाटीकडे जायच्या आधीच काकू खाली वाकल्या, वाटीत नीट डोकावल्या आणि म्हणाल्या, "बघितलं." मालनचा हात तसाच राहिला. तिने वाटी उचलली नाही. वडा पानात ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. हसली मात्र नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी लोखंडी कढई असेल, तर तिला पाण्यात भिजत ठेवू नका. कोरडी पुसा, तेलाचा हात फिरवा. आणि स्वच्छ करण्याच्या नादात तिला तारेच्या घासणीने कधी खरवडू नका. ज्याला तुम्ही मळ समजता, तो तिचा वर्षानुवर्षांचा जमवलेला मान असतो. खरवडायला दोन दुपारी लागतात. परत चढायला किती लागतात, ते मी अजून मोजते आहे.

माझ्या डाव्या अंगाचा चट्टा बुजेल तेव्हा बुजेल. तोवर मी रागावलेलीच राहणार. पण सोमवार आला, तेल तापलं आणि रांगेत अनवाणी पाय दिसले, की काकूंचा वडा मी उजव्या अंगाला, जिथे चिकटत नाही तिथे, तळून देते.